बिचकत कोण बोलतं?

व्याख्यानाला विषय म्हणून एखादा शब्द घ्यायचा म्हटलं की मोठमोठे शब्द डोळ्यांसमोर येतात. संस्कृती, अस्मिता, परंपरा वगैरे. आज आम्ही एक अगदी लहान शब्द घेतला आहे. चार अक्षरांचा. ‘बिचकत’.

‘वाडीतला म्हातारा बिचकत म्हणाला.’ ‘ती आदिवासी बाई बिचकत बिचकत पुढे आली.’ अशी वाक्यं तुम्ही कितीतरी वेळा वाचली असतील. कथेत, दिवाळी अंकातल्या लेखात, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत, संस्थांच्या अहवालात. वाचताना आपण अशा वाक्यावर थांबत नाही. डोळा पुढे सरकतो, कारण पुढे म्हातारा काय म्हणाला ते महत्त्वाचं असतं. आज आपण मुद्दाम त्या शब्दावर थांबणार आहोत. काही म्हणतील, एवढ्याशा शब्दाचा कीस काय काढायचा? पण हा लहान शब्द कथेतून सरकारी कागदावर जातो, आणि तिथे त्याच्यावर कुणाची तरी जमीन अवलंबून असू शकते. म्हणून हा कीस.

आधी जागा सांगतो. उदाहरणासाठी आम्ही ठाकूरवाडी घेतली आहे. ही एक वाडी नव्हे. रायगड जिल्ह्याच्या आतल्या बाजूला, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, डोंगराच्या सोंडेवर, धरणाच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे ठाकूर लोकांच्या वस्त्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींचं नाव ठाकूरवाडीच आहे. मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाताना बोरघाटात जांबरुंग आणि नागनाथ यांच्यामध्ये ‘ठाकूरवाडी’ अशी पाटी दिसते. हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ शहरातला मराठी माणूस खिडकीतून या मुलखाकडे बघतो आहे. गाडी थांबली तर ती गाडीच्या सोयीने थांबते. खिडकीतून बघणं आणि पुढे निघून जाणं ही सवय आपल्या लिहिण्यातही उतरली आहे, असं आम्हाला वाटतं.

आता शब्दाकडे येऊ.

शाळेत आपण क्रियाविशेषणाची व्याख्या पाठ केली: क्रियेबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द. मराठीत धातूला ‘त’ लावून अशी क्रियाविशेषणं सहज होतात. हसत, रडत, लंगडत, पळत. ‘तो लंगडत आला’ म्हटलं की आपल्याला येण्याची रीत कळते. लंगडणं डोळ्याला दिसतं. दहा जण उभे असतील तर दहाही जण सांगतील, होय, लंगडत आला.

‘बिचकत’चं तसं नाही. समजा एका माणसाला प्रश्न विचारला. तो तीन सेकंद गप्प राहिला, मान खाली घातली, मग चार शब्द बोलला, पुन्हा थांबला. दहा जणांना एवढंच दिसलं, एवढंच ऐकू आलं. आता एक जण लिहितो, ‘तो थांबत थांबत म्हणाला.’ दुसरा लिहितो, ‘तो अडखळत म्हणाला.’ तिसरा लिहितो, ‘तो आठवत आठवत म्हणाला.’ आणि चौथा लिहितो, ‘तो बिचकत म्हणाला.’ पहिल्या दोघांनी कानाला जे आलं ते लिहिलं. उरलेले दोघे त्या माणसाच्या मनात शिरले. त्याला काय वाटत होतं ते त्यांनी परस्पर ठरवलं, आणि ठरवल्याचं सांगितलं नाही. क्रियाविशेषणाची हीच तर सोय असते. ते वाक्यात इतक्या हळूच येऊन बसतं की तो कुणाचा तरी निर्णय आहे हे लक्षातच येत नाही.

मराठीत या घोळक्यातले शब्द पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची चाल वेगळी आहे. अडखळणं मुळात पायाचं आहे. दगडाला ठेच लागते, मग तोच शब्द जिभेला लावला. चाचपडणं हाताचं, अंधारातलं. चाचरणं जिभेचं. दबकणं सगळ्या अंगाचं, वाकून पाऊल टाकण्याचं. कचरणं म्हणजे निर्णयाच्या उंबरठ्यावर मागे सरणं. संकोच चारचौघांतला. का-कू करणारा माणूस टाळत असतो. आणि आढेवेढे घेणारा? त्याला हो म्हणायचंच असतं, फक्त आग्रह हवा असतो. आढेवेढे घ्यायचा मान पाहुण्याला असतो, जावयाला असतो. मजुराने आढेवेढे घेतले असं कुणी लिहीत नाही. त्याने कुरकुर केली असं लिहितात.

आणि बिचकणं? घोडा बिचकतो. वाटेत कागद फडफडला की घोडा बिचकतो, बैल बुजतो. मांजर बिचकतं. लहान मूल परक्या माणसाला बिचकतं. आता जरा प्रयोग करून बघा. ‘जिल्हाधिकारी बिचकत म्हणाले.’ व्याकरण तपासलं तर चूक काहीच नाही, तरी वाक्य कानाला खटकतं. साहेब तीन सेकंद थांबले तर आपण लिहितो, ‘ते विचारपूर्वक म्हणाले.’ मंत्री थांबले तर ‘सावधपणे म्हणाले’. प्राध्यापक थांबले तर ‘शब्द तोलत म्हणाले’. मौन तेच, सेकंदही तितकेच. पण शब्दांचं वाटप आधीच होऊन गेलेलं असतं. विचार करण्याचे शब्द एका बाजूला, आणि घोड्याचे, मांजराचे, लहान मुलाचे शब्द दुसऱ्या बाजूला.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे, आणि ती अगदी व्याकरणातली आहे. ‘बिचकणे’ हे क्रियापद वापरलं की आपण साहजिकच विचारतो, कुणाला? मूल पाहुण्याला बिचकतं. कूळ सावकाराला बिचकतं. मजूर मुकादमाला बिचकतो. तो ‘ला’ प्रत्यय फार प्रामाणिक आहे बघा. तो दोन माणसं वाक्यात आणतो, एक बिचकणारा आणि एक बिचकवणारा. पण त्याच क्रियापदाचं क्रियाविशेषण झालं, ‘म्हातारा बिचकत म्हणाला’, की दुसरा माणूस वाक्यातून निसटतो. कुणाला बिचकत? वाक्य सांगत नाही, आणि वाचकही विचारत नाही. ‘साहेबाला बिचकत म्हातारा म्हणाला’ असं लिहिता येतं, व्याकरण आड येत नाही. पण सहसा कुणी लिहीत नाही. मग होतं काय, की दोन माणसांमधला संबंध एकट्या म्हाताऱ्याचा स्वभाव होऊन बसतो. आदिवासी मुळात बुजराच, असं आपण म्हणून मोकळे होतो.

आता ठाकूरवाडीतला माणूस थांबतो तेव्हा तो काय करत असेल, याचा विचार करू. मनात आम्हीही शिरणार नाही. बाहेरून तपासता येतील एवढीच कारणं सांगतो.

एक, भाषा. ठाकरी ही मराठीचीच एक बोली. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात कोकणातल्या बोलींमध्ये तिची नोंद आहे. घरची बोली एक आणि कचेरीतली मराठी दुसरी. प्रश्न येतो ‘सदर क्षेत्रावर आपली वहिवाट कधीपासून आहे?’ असा. हा प्रश्न आधी आपल्या बोलीत न्यायचा, उत्तर शोधायचं, मग ते परत कचेरीच्या मराठीत आणायचं. या येण्याजाण्याला वेळ लागतो. मुंबईत वाढलेला मुलगा इंग्रजीत मुलाखत देताना थांबतो तेव्हा आपण म्हणतो, भाषांतर करतोय बिचारा. तीच सवलत म्हाताऱ्याला का नाही?

दोन, काळ मोजायची रीत. कागदाला साल हवं असतं. माणसाला आठवत असतं ते दुसरंच. धाकटी जन्मली त्याच्या आदल्या पावसाळ्यात, धरणाचं काम सुरू व्हायच्या आधी, आजा जिवंत होता तेव्हा. त्यावरून साल काढायचं म्हणजे गणित आलं. गणित करणारा माणूस गप्प बसतो.

तीन, संबोधन. टेबलापलीकडून पहिला शब्द ‘काय रे’ असा आला, तर उत्तर देणाऱ्याला आधी हे ठरवावं लागतं की आपण कोणत्या पायरीवर उभं राहून बोलायचं. ‘या बाबा, बसा’ म्हटल्यावर तोच माणूस कसा बोलतो ते ऐकून बघा. ‘काय रे’ आपण म्हणायचं आणि ‘बिचकत’ त्याच्या नावावर लिहायचं, हा हिशेब काही सरळ नाही.

आणि चार, खरेपणा. हे कारण आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. मराठीत ‘म्हणे’ नावाचा एक सुंदर शब्द आहे. ‘इथं पूर्वी गाव होतं म्हणे.’ बोलणारा सांगतो, हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. ‘बहुतेक’, ‘असेल’, ‘असं म्हणतात’ हे त्याचेच सोबती. जो माणूस पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवतो, तो थांबत थांबतच बोलणार. प्रत्येक वाक्याला त्याला ठरवावं लागतं, हे माझ्या डोळ्यांचं की बापाच्या तोंडचं? घडाघडा बोलणाऱ्यापेक्षा असा साक्षीदार भरवशाचा. पण आपल्या कानाला त्याचं ‘बहुतेक’ हे डळमळणं वाटतं.

इथून आपण कागदावर येतो. रायगडात ‘दळी’ नावाचा प्रकार आहे. वनजमिनीचे डोंगरउतारावरचे तुकडे, नाचणी-वरी पिकवायला ठाकूर-कातकऱ्यांना इंग्रजी अमलापासून दिले गेलेले. पिढ्यान्‌पिढ्या कसले गेले, पण सातबारावर नाव नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असणाऱ्या आदिवासींना दावा करता येऊ लागला. या कायद्याच्या २००८ च्या नियमांत तेरावा नियम पुराव्यांचा आहे. त्यात नकाशे आहेत, सरकारी नोंदी आहेत, जमिनीवरच्या खुणा आहेत, आणि आणखी एक गोष्ट आहे: दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवून घेतलेलं कथन.

या तरतुदीकडे नीट बघा. कायद्याने म्हाताऱ्याच्या बोलण्याला पुरावा मानलं. अट एकच, ते लिहून घेतलेलं हवं. आणि लिहून घेणारा कोण? बहुतेक वेळा वाडीबाहेरचा माणूस. तो काय करतो? म्हाताऱ्याचे ‘म्हणे’ आणि ‘बहुतेक’ गाळून टाकतो, मग दहा कथनं एकाच साच्यातली होतात आणि वरची समिती म्हणते, ही तर पढवलेली दिसतात. किंवा तो ‘नक्की सांगता येत नाही’ असं लिहून मोकळा होतो, आणि समिती म्हणते, याला खात्रीच नाही. म्हाताऱ्याने मात्र केलेला असतो तिसराच प्रकार. जे नक्की आहे ते नक्की, जे ऐकीव आहे ते ऐकीव असं त्याने वेगवेगळं सांगितलेलं असतं. लिहून घेणाऱ्याच्या हाती त्यासाठी शब्द नसतो, कारण थांबण्याला त्याच्याकडे एकच नाव आहे. बिचकणं.

कोर्टातही हेच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० प्रमाणे साक्षीदाराची साक्ष चालू असताना त्याच्या वागण्याबोलण्याविषयी महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशाने नोंदवायचं असतं. आता त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, पण ही तरतूद टिकून आहे. तिचा हेतू चांगला आहे. वरच्या कोर्टाला साक्षीदार दिसत नाही, कागदच दिसतो, म्हणून खालच्याने पाहिलेलं कळावं. पण कागदावर पोचतं काय? एखादं क्रियाविशेषण. म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातला हा गरीब शब्द इथे पुराव्याच्या रांगेत जाऊन बसतो.

आता साहित्याकडे वळू, कारण ही सवय आपल्याला तिथूनही लागते. ठाकरांवरची मराठीतली सर्वांत गाजलेली कलाकृती म्हणजे ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, आणि तिच्यावरून जब्बार पटेलांनी केलेला १९७७ चा चित्रपट. त्यातली चिंधी आठवा, स्मिता पाटील यांची. नवऱ्याचं घर सोडलेली, आपला पुरुष आपण निवडणारी. नाग्या आठवा, राणीमाशीशी वैर मांडणारा. ही माणसं बिचकत नाहीत. म्हणून प्रेक्षकाला ती आवडली, आम्हालाही आवडतात.

पण त्या कौतुकाचं पुढे काय झालं ते पाहू. अशा कलाकृतींवर लिहिताना आपण मध्यमवर्गीय मंडळी ‘बेधडक’, ‘मोकळेपणाने’, ‘निर्व्याजपणे’ हे शब्द सढळ हाताने वापरतो. म्हणजे आपल्या लेखनातल्या आदिवासीच्या वाट्याला दोनच क्रियाविशेषणं आली. रानात तो बेधडक, कचेरीत तो बिचकत. एक शब्द कौतुकाचा, दुसरा कीव करणारा, पण दोन्हींत एक गोष्ट सारखीच आहे. विचार करणारा, तोलणारा, आठवणारा, दोन पर्यायांत घुटमळणारा माणूस दोन्हीकडे नाही. बेधडक माणसाला विचाराची गरज नसते, आणि बिचकलेल्याला विचार सुचत नसतो. चिंधीसुद्धा नवऱ्याचं घर सोडताना काहीतरी मनाशी तोलूनच निघाली असणार. ‘बेधडक’ या एका शब्दाने आपण तिचं ते तोलणं पुसतो.

या शब्दांचं खरं वजन २०२३ साली आम्हाला जाणवलं. १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांचीच वाडी. वर जायला गाडीरस्ता नव्हता, मदतीची माणसं पायी चढून गेली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. ही वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं.

अशा दुर्घटनेनंतर इतर वाड्यांच्या पुनर्वसनाची चर्चा सुरू होते, आणि तिच्यात एक ठरावीक वाक्य येतं: ‘ग्रामस्थ स्थलांतराला कचरतात.’ ‘बिचकत’चंच हे सख्खं भावंड. ‘कचरतात’ म्हटलं की वाटतं, मन घट्ट होत नाही, धीर होत नाही, समजूत घातली की येतील. पण खाली यायचं म्हणजे काय काय मागे ठेवायचं? दळी वर आहे. गुरं वर चरतात. लाकूडफाटा, रानभाजी, मोह वर आहे. खाली घर मिळेल, पण शेताचं काय, गोठ्याचं काय, पुढच्या पिढीचं घर कुठे? हे प्रश्न आहेत, आणि त्यांना उत्तरं द्यायला कुणीतरी बांधील आहे. ‘कचरतात’ या शब्दाने प्रश्नांची मनःस्थिती होते, आणि मनःस्थितीला उत्तर द्यावं लागत नाही. तिला समुपदेशन पुरतं. इर्शाळवाडीच्या बाबतीत तर धोक्याच्या यादीत नावच नव्हतं. लोक कचरले का हे विचारण्याआधी यादी कशी झाली हे विचारायला हवं होतं.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तुम्ही म्हणाल, माणसं खरोखर घाबरत नाहीत का? ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची वेठ, सावकारी, मारझोड आपण गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये वाचली आहे. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेला कातकरी मालकासमोर मोकळेपणाने बोलेल का? बरोबर आहे. भीती खरी असते, आणि तिथे ‘थांबत थांबत’ असं मवाळ लिहिणं हा दुसऱ्या बाजूचा खोटेपणा होईल. ‘बिचकत’ हा शब्द कोशातून काढून टाका, असं आम्ही म्हणत नाही. आमचं मागणं एवढंच आहे की जिथे भीती असेल तिथे तो ‘ला’ परत आणा. तो मुकादमाला बिचकत होता. ती वनरक्षकाला बिचकत होती. मुकादम समोर बसला होता म्हणून तो बोलेना. असं लिहिलं की वाचकाचं लक्ष आपोआप मुकादमाकडे जातं, आणि ते तिकडे जायलाच हवं. परुळेकरांचं पुस्तक वाचताना भीती कुणाची, हे आपल्याला विचारावं लागत नाही. जमीनदार, सावकार तिथे समोर उभे असतात. म्हणून त्यातली भीती वारल्यांचा स्वभाव वाटत नाही.

तर लिहिणाऱ्यांसाठी, नोंदी करणाऱ्यांसाठी, विशेषतः गावोगाव जाऊन मुलाखती घेणाऱ्या तरुण मित्रांसाठी आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, ऐकलं ते लिहा. थांबला, किती थांबला, कोणत्या शब्दापाशी थांबला, ते लिहा. ‘साल विचारल्यावर बराच वेळ गप्प राहिला, मग धरणाच्या कामाचा उल्लेख केला’, हे एक वाक्य दहा ‘बिचकत’पेक्षा कामाचं आहे. दुसरी, भीती दिसली तर कुणाची ते लिहा. ते कळलं नसेल, तर भीती दिसली असं तरी कशावरून म्हणायचं? आणि तिसरी, ‘म्हणे’, ‘बहुतेक’, ‘असेल’ हे शब्द गाळू नका. बोलणाऱ्याने ते मोजूनमापून ठेवलेले असतात.

एक चाचणीही देतो. लिहून झालं की ज्या माणसाविषयी लिहिलं त्याच्या जागी एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचं नाव घालून वाक्य वाचा. शब्द खटकला, तर तो त्या माणसालाही लागू आहे का, हे पुन्हा तपासा. आपल्या जुन्या लेखांवर ही चाचणी लावून बघा, बरंच काही सापडेल.

आमचं बोलणं इथे संपलं. आता प्रश्न घेऊ या. कुणाला विचारायचं असेल आणि शब्द चटकन सापडत नसतील, तर सावकाश विचारा. आम्हाला घाई नाही.